बाजेच्या काठावर

सन एकोणीसशे ब्याऐंशी. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. ही अठ्ठावीस वर्षं शाळेतल्या मास्तरांनी लावलेल्या तारखेवरून. आई म्हणायची, भुईमूग उपटायच्या दिवसांत झालास, साल कुणी बघितलं? तेव्हा एखादं वर्ष इकडंतिकडं धरा.

त्या साली लातूर जिल्हा झाला. आमचं गाव मुखेड तालुक्यातलं, म्हणजे जिल्हा नांदेड. तरी आमच्याकडंसुद्धा तीच बोलणी. आता तिथं कलेक्टर बसणार, कचेऱ्या येणार, मोठा दवाखाना होणार. त्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं, की जिल्ह्याला नटही पाहिजेत. दिवाळीच्या सुट्टीत लातूरच्या एका शाळेत नटांचं शिबिर लागणार आहे, हे मला एसटीत शेजारी बसलेल्या माणसानं सांगितलं. त्याचं नाव हमीद. उदगीरला घड्याळं दुरुस्त करायचा.

"नाटक शिकवतेत म्हणे. खाना भी देतेत," तो म्हणाला.

"नाटक शिकायचं काय त्यात? मला येतं की."

"मग शिकवायला चल!"

अशी आमची ओळख झाली आणि दोघंही गेलो. मला हे लिहायला लावणारे संपादक म्हणतात, चाळीस वर्षांचं सगळं लिहा. सगळं लिहायला माझी चौथीपर्यंतची शाळा पुरणार नाही. मी पहिल्या पंधरवड्याचंच लिहितो. पुढची चाळीस वर्षं मी तेच वापरत आलो.

मला येतं, असं हमीदला म्हणालो ते उगीच नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होतो. आमचा मुकादम लंगडत चालायचा आणि नाकात बोलायचा. दुपारी मी त्याची नक्कल केली की बायामाणसं हातातला भाकरीचा तुकडा विसरून हसायची. एकदा सगळे एकदम गप्प झाले. मला वाटलं, आज लई बेस जमलं. मागं बघतो तर मुकादम. म्हणाला, "किसन, माझा डावा पाय लंगडतो. तू उजवा लंगडून राहिला." इतका नेमका परीक्षक मला पुन्हा भेटला नाही.

पण घरात हे चालण्यासारखं नव्हतं. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. त्याआधी आमच्या घरात पिढ्यांची हलगी होती. जत्रा असो, लग्न असो, पाटलाच्या घरचं बारसं असो, आमच्या माणसांनी पुढं वाजवत, नाचत जायचं आणि शेवटी हात पसरायचा. बानं ती हलगी चुलीत घातली. म्हणाला, "ह्या घरातलं माणूस आता कुणाम्होरं नाचणार न्हाई, वाजवणार न्हाई, कमरेत वाकणार न्हाई." आणि त्यानं ते पाळलं. इतकं पाळलं, की खाली पडलेली वस्तू उचलायची झाली तर बा आधी खाली बसायचा, मग उचलायचा. वाकून उचलताना मी त्याला कधी बघितलं नाही.

मी लातूरला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "जावा, पण मामंजींना सांगून जावा." मी सांगितलं. बा ओट्यावर बसला होता. त्यानं माझ्याकडं न बघता एवढंच विचारलं, "नाचायला चाललास?"

"नाटक शिकायला."

"तेच की. नाव बदललं."

त्यानंतर बोलणं बंद.

शिबिराच्या बाईंचं नाव वसुधाबाई. आम्ही नुसतं बाई म्हणायचो. दिल्लीला शिकून आलेल्या. केस आखूड, चहा सारखा, आवाज हेडमास्तरांसारखा. बायको-लेकरं असलेल्या बाप्यांनासुद्धा त्या अरेतुरे करायच्या, आणि ते कुणाला खटकायचं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एकच नियम सांगितला. "इथं कुणी काम निवडायचं नाही. मी देईन ते करायचं. ज्याला ते नको, त्याची गाडी स्टँडवर उभी आहे." पंधरा दिवस झाले की निम्मी माणसं ठेवायची, त्यांना वर्षभर शिकवायचं. बाकीच्यांनी घरी जायचं. मला ठेवून घेतील याची मला खात्री होती.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नटाचं काम तोंडाचं. सुरुवातीचे कितीतरी दिवस बाईंनी आम्हाला तोंडच उघडू दिलं नाही. काठोकाठ भरलेला पेला घेऊन चाला. रिकामा पेला भरलेला समजून चाला. डोळे मिटून भिंत ओळखा. झाड व्हा म्हणाल्या, तर सगळ्यांनी हात वर केले. मी हात लोंबते सोडून, अंग पिळून उभा राहिलो.

"हे कुठलं झाड?"

"बाभळ. दुष्काळातली. शेळ्यांनी वरबडलेली."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "बरं आहे. वारा कुठून येतोय?" मी वाऱ्याचा विचारच केला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, ही बाई काहीतरी शिकवणार आपल्याला. नाटक हे पायाचं आणि पाठीचं काम आहे, तोंड शेवटी, हे मी पुढं शंभर पोरांना सांगितलं. मूळ वाक्य त्यांचं.

मग त्यांनी एक छोटं नाटक काढलं. पंधरवड्याच्या शेवटी गावातल्या मोठ्या माणसांपुढं करायचं. गोष्ट अशी: जुन्या काळचा दुष्काळ. गावात एकच आड जिवंत, पाटलाच्या दारातला. पाटील बाजेवर बसलेला. खालच्या वस्तीतला म्हातारा रिकामी घागर घेऊन पाणी मागायला येतो. पाटील नाही म्हणतो. म्हातारा परत जातो. संपलं.

"पाटील, सुभाष. म्हातारा, किसन."

सुभाष म्हणजे औशाकडच्या एका गावच्या खऱ्या पाटलाचा धाकटा मुलगा. गोरा, उंच, लाजाळू.

मी जागचा उठलो नाही. म्हणालो, "बाई, दुसरं कायबी द्या. मेलेला करतो, बाई करतो, कुत्रं करतो. हे न्हाई."

"का?"

"आमच्या घरात वाकत न्हाईत."

"हे घर नाही. नाटक आहे."

"पाठ तीच हाय न्हवं, बाई?"

हमीद माझ्या सदऱ्याची बाही ओढून राहिला होता. बाईंनी नियम पुन्हा सांगितला, गाडीचा. मी उठून माझी पिशवी भरायला लागलो. मला शिकायचं होतं. इतकं कधी काही पाहिजे वाटलं नव्हतं. पण हात पिशवीत कपडे कोंबत होते, थांबत नव्हते. तेवढ्यात सुभाष म्हणाला, "बाई, मी म्हातारा करतो. किसनरावांना पाटील द्या."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "चालेल? बाजेवर बसशील?"

"हाव. का न्हाई?"

मला वाटलं, जिंकलो. डोक्याला फेटा बांधला, ऐटीत गेलो आणि बाजेवर बसलो. सुभाष घागर घेऊन आला. मी बोलायला तोंड उघडलं, तर समोरची सगळी माणसं हसायला लागली. मला कळेना. हमीद तर डोळे पुसत होता.

"क्या रे पाटील! तूच पाणी मागायला आल्यासारखा बसून राहिला!"

खाली बघितलं. मी बाजेच्या अगदी काठावर होतो. गुडघे जुळवलेले, दोन्ही हात मांड्यांवर, आणि कुणी उठ म्हटलं तर लगेच उठता यावं असा पुढं झुकलेलो. सुभाषला मी "काय जी?" म्हणालो होतो. पाटील म्हाताऱ्याला जी म्हणत होता!

"मागं सरक," बाई म्हणाल्या. सरकलो. बोलायला लागलो की पुन्हा काठावर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ज्यानं वाकायचं नाही म्हणून पिशवी भरली, तो बसल्या जागी वाकत होता.

तिकडं सुभाषचंही काही खरं नव्हतं. तो देवळात वाकतात तसा वाकायचा. हात जोडायचा, डोळे मिटायचा, पडेल आवाजात "मायबाप" म्हणायचा. ते बघताना मी तोंड फिरवायचो. माझा आजा हे रोज करायचा असं ऐकून होतो. मी त्याला बघितलेलं नाही. पण तो असा नसणार, एवढं मला आतून माहीत होतं. दूध सांडल्यावर मांजर पायात घोटाळतं, तसा नसणार.

बाई म्हणाल्या, "दोघांचंही जमत नाही. रविवारी प्रयोग आहे. किसन, दोन्हीतलं एक तुला यायलाच पाहिजे. नाहीतर मी तुला ठेवू शकत नाही. आणि मला ठेवायचंय."

हे शेवटचं त्या म्हणाल्या नसत्या तर मी कदाचित कायमचा निघून गेलो असतो. आता बाला एक विचारायचं होतं. दुपारची गाडी धरली, शिरूर ताजबंदला बदलली, आणि दिवस कलायच्या आत गावात.

बा ओट्यावरच होता. "आलास? संपलं नाचणं?"

"न्हाई. एक इचारायला आलो. आजा पाटलाच्या आडावर जायचा, तवा कसा वाकायचा?"

बा माझ्याकडं बघतच राहिला. बायको दारात पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती तिथंच थांबली.

"मी वाकून दाखवू व्हय तुला?"

"दाखवू नगंस. सांग."

"कशाला? लोकांनी टाळ्या वाजवायला?"

"तिथं एक पाटलाचं पोरगं आजा करून राह्यलंय. चुकीचा करतंय. लई चुकीचा. मला बघवंना झालंय."

बा म्हणाला, "तुझा आजा वाकायचा न्हाई."

"मग?"

"आपली वस्ती कुठं? उगवतीला. सकाळी पाण्याला निघालं की ऊन पाठीवर आन् सावली म्होरं. ती सावली आडाच्या ओट्यावर पडली तर त्यांचं पाणी बाटायचं. म्हणून आपली माणसं सगळ्या गावाला वळसा घालून मावळतीकडून जायची. सावली मागं पडावी म्हणून. पण पाटलानंच हाक मारली तर वळसा कुठला घालणार? सरळ जायचं. आता उभं राह्यलं की सावली चालली ओट्यावर. मग काय करावं माणसानं?"

"काय?"

"आखूड करायची. माणूस खाली झाला की सावली आखडती. लोक म्हणायचे, म्हातारा लई गरीब, मान वर करत न्हाई. मी संगं असायचो, धा वर्षाचा. तो मान खाली घालायचा न्हाई रे. सावलीचं टोक बघून राह्यला असायचा. कुठवर गेलं, कुठं थांबलं. माप घ्यायचा."

एवढं बोलून बा उठला आणि आत गेला. बायको हळूच म्हणाली, "मामंजी यवढं आजवर बोलले न्हाईत." मी तांब्यातलं पाणी प्यालो आणि आल्या पावली परत फिरलो.

बाईंना सांगितलं. त्यांनी मधे एक प्रश्न विचारला नाही. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "मग हे हॉलमध्ये कसं होईल? दिव्याची सावली कामाची नाही." आणि तडक मैदानात. हातातला कप तसाच. एक बांबू रोवला, हमीदला घड्याळ घेऊन उभं केलं आणि ऊन उतरेल तशी बांबूच्या सावलीच्या टोकाशी वीट ठेवायला सांगितली. आमची सगळी माणसं त्या विटांमागं पळून राहिली.

"जिंदगीभर घड्याळ दुरुस्त किया," हमीद म्हणाला, "अब बाई सूरज दुरुस्त करायला लावून राहिल्या!"

म्हातारा आता मीच करायचा. प्रयोग संध्याकाळी, म्हणून मी मावळतीकडून यायचं, म्हणजे ऊन पाठीवर. बाज आणि आडाचा विटांचा ओटा उगवतीकडं. बघणारे बाजूला. बाज नेमकी कुठं टाकायची ते बाईंनी चार वेळा बदललं. मला त्यांनी शिकवलं ते एवढंच: "वाकू नकोस. सावली बघ. पाठ आपोआप येईल." आणि ती आली! घागर कडेला घेऊन मी निघालो, टोक विटेला टेकायला आलं तसा खाली झालो. टोक मागं सरकलं. एक पाऊल पुढं, आणखी खाली. हे वाकणं नव्हतंच. हे काम होतं, घागर न सांडता नेण्यासारखं. मला त्यात लाज कुठंच सापडली नाही. आणि लाज नव्हती तर मग मी बाच्या शब्दाबाहेर गेलो नाही, असा हिशेब मी माझ्यापुरता केला.

सुभाष पुन्हा पाटील झाला. तो बाजेवर काय सुंदर बसायचा! शिकवायला लागलं नाही. घरचंच होतं. पुढं त्यानं औशात खताचं दुकान टाकलं. माझ्यापेक्षा मोठा नट झाला असता, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. भेटला की मी त्याला तसं तोंडावर सांगतो. तो वजनकाट्यामागून हसतो.

रविवार आला. खुर्च्यांवर नवे साहेब लोक, मागं बाजारातली माणसं, भिंतीवर पोरं. फाटकाजवळ पांढरा फेटा दिसला. बा. मी बोलावलं नव्हतं. बसायला जागा होती, तरी उभाच होता.

मी निघालो. पोरं आधी हसली, म्हातारा जमिनीवर काय शोधतोय म्हणून. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, तो सावली बघतोय. कुजबुज मागं मागं गेली आणि थांबली. नुसती माझी पावलं ऐकू येत होती. टोक विटेपाशी आलं, मी खाली झालो. आणखी एक पाऊल, आणखी खाली. घागर खाली ठेवली आणि पाणी मागितलं.

सुभाषनं माझ्याकडं बघितलं नाही. सुपारी कातरत म्हणाला, "न्हाई."

इथं मी घागर उचलून वळायचं, असं ठरलेलं. लोक म्हणतात, नटाच्या अंगात येतं. माझ्या अंगात काही आलं नाही. मी पूर्ण शुद्धीत होतो आणि मी ठरवलं. मी सरळ झालो. घाई न करता, मणका मणका.

सावली विटांवर चढली. पोहऱ्यावरून गेली. बाजेच्या खुरावर आली, सुभाषच्या गुडघ्यांवर, मग छातीवर. सुभाषची सुपारी थांबली. त्यानं माझ्याकडं बघितलं, जे त्यानं करायचं नव्हतं. आणि मग त्यानं दोन्ही पाय उचलून बाजेवर घेतले. पुराचं पाणी चढत आल्यावर माणूस घेतो तसे. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसाच उभा राहिलो, पाहिजे तेवढा. मग खाली बसलो, बसून घागर उचलली, आणि चालू लागलो.

टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी मैदानाच्या टोकाला होतो.

बाई माझ्यामागं तरातरा आल्या. "ठरलेलं मोडलंस तू."

"हाव."

"सुभाष गडबडला असता तर सगळं नाटक पडलं असतं. पुन्हा न विचारता मोडशील?"

मी विचार केला. "मोडीन, बाई."

"गाडी स्टँडवर उभी आहे, माहीत आहे ना?"

"माहीत हाय. मी बसणार न्हाई तिच्यात."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "मग सकाळी वेळेवर ये. तुला अजून बाजेवर बसता येत नाही."

असा मी राहिलो. चाळीस वर्षं ह्या कामावर घर चालवलं, मुखेडच्या बाजारात हेच नाटक केलं, भोकरला केलं, मुदखेडला रेल्वेच्या माणसांपुढं केलं. एका बाजारात एका म्हातारीनं माझी रिकामी घागर खेळ चालू असताना उठून भरून दिली आणि मला पुढचं वाक्य आठवेना. पण ते जाऊ द्या.

त्या संध्याकाळी फाटकाशी बा अजून उभा होता. मी जवळ गेलो. त्यानं मला खालून वर बघितलं.

"लई लांब पडली रे तुझी सावली," म्हणाला, आणि शेवटची गाडी गाठायला निघाला. त्यानंतर तो माझा खेळ बघायला कधी आला नाही, आणि मी कधी ये म्हणालो नाही. आम्ही दोघंही तसलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन वर यायच्या आत मी मैदानात गेलो. बाज तिथंच होती, दवानं ओली. सदऱ्यानं पुसली. मग मी मधोमध बसलो. एक पाय खाली सोडला, एक वर घेतला, हात मागं टेकला, आणि जेवढी बाज होती तेवढी सगळी घेतली. ऊन पडलं तेव्हा सुभाष तोंड धुऊन उगवतीकडच्या नळावरून येत होता. मी हाक मारली, "ए पोरा, हिकडं ये. पाणी मागायला आलास न्हवं?"

तो थबकला. हसला. मग खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं भिंतीवर ठेवला, आणि पायापुढची आपली सावली बघत, एकेक पाऊल मोजत, खाली होत होत माझ्याकडं यायला लागला.

तो समोर आला तेव्हा मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.